मशीनपाशी बसलेले काका आणि मालकांचा कॅमेरा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मी बेळगावजवळच्या मच्छे गावचा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका मशीनशॉपमध्ये अकरा वर्षे व्हीएमसी मशीनवर (संगणकाच्या प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या यंत्रावर) ऑपरेटर होतो. गेल्या दिवाळीनंतर मालकांनी मला सुपरवायझर केले. त्याच सुमारास शॉपमध्ये कॅमेरे बसले आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुरू झाला. मालक घरून कॅमेरा पाहतात आणि कोणी बसलेला दिसला की त्याचा फोटो ग्रुपवर टाकून माझ्याकडे खुलासा मागतात. ज्यांनी मला काम शिकवले ते येळ्ळूरचे काका दुसऱ्या पाळीत तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे बसलेले दिसले, म्हणून त्यांना मेमो द्यायला सांगितले आहे. मी अजून दिलेला नाही. जुने सोबती आता माझ्याशी कामापुरतेच बोलतात. वडील फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचे साचे करणारे मोल्डर होते. ते म्हणतात, "आमचा मिस्त्री शिव्या द्यायचा, पण माणूस ओळखून होता. तू तसा हो." मी कॅमेऱ्याचे ऐकू की वडिलांचे? आणि मेमोचे काय करू?

उत्तर:

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. काका किती वेळा बसले, किती मिनिटे बसले, कोणत्या पाळीत बसले आणि ते कोणी पाहिले, हे सगळे तुम्ही नेमकेपणाने लिहिले आहे. ते का बसले, एवढे मात्र पत्रात कुठेही नाही. तुम्ही त्यांच्यापासून वीस पावलांवर उभे असता, त्यांच्याच हाताखाली तुम्ही टूल बदलायला शिकलात, आणि तरीही हा प्रश्न तुम्ही त्यांना विचारलेला दिसत नाही. हा दोष मी तुमच्या स्वभावाला देत नाही. ग्रुपवर फोटो आला, त्याखाली खुलासा मागितला गेला, आणि तुम्हीही नकळत काकांकडे त्या फोटोतूनच पाहू लागलात. म्हणून मेमोविषयीचे माझे उत्तर आधीच सांगतो: कारण कळेपर्यंत तो देऊ नका, आणि तो का थांबवला आहे हे मालकांना आजच स्पष्ट सांगा.

व्हीएमसीवर जॉब लावून प्रोग्राम सुरू केला की लांब सायकल असलेल्या, म्हणजे एक नग पुरा व्हायला बराच वेळ लागणाऱ्या जॉबला ऑपरेटरच्या हाताला काही काळ काम नसते, हे मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) उशिरा येते, दुसऱ्या पाळीत स्टोअरला कुलूप असल्यामुळे झिजलेला इन्सर्ट (टूलचे कापणारे पाते) बदलून मिळत नाही, इन्स्पेक्शनला पहिला जॉब देऊन होकाराची वाट पाहावी लागते, किंवा पन्नाशी उलटलेल्या माणसाचे गुडघे दुखतात. यांपैकी प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे, आणि मेमो हा यांतल्या एकावरही उपाय नाही. आणखी एक गोष्ट तुमच्या मालकांच्या कानावर घालण्यासारखी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात असे सांगितले होते की ज्या कामगारांना उभ्याने काम करावे लागते त्यांच्यासाठी बसण्याची योग्य सोय असली पाहिजे, म्हणजे कामाच्या ओघात विश्रांतीची जी संधी मिळेल तिचा त्यांना उपयोग करून घेता येईल. बसण्याच्या सोयीची ही तरतूद नव्या श्रमसंहितेतही ठेवलेली आहे. सायकल चालू असताना मशीनशेजारी बसलेला माणूस हा आपोआप कामचुकार ठरत नाही. त्याचे बसणे कायद्यानेच गृहीत धरले आहे.

हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही. पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा, असे त्याच कायद्याने ठरवले होते, आणि मी १९८० च्या दशकात आपल्याच भागातील एका कारखान्यात त्या पदावर रुजू झालो. पहिल्याच वर्षी फेटलिंग खात्यातील, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणाऱ्या खात्यातील, एक माणूस ग्राइंडर खाली ठेवून भिंतीला टेकून बसलेला मला दिसला. मी फेरीवर होतो, माझ्याबरोबर वरचे साहेब होते, आणि आपण कडक आहोत हे दाखवण्याच्या भरात मी त्याला काहीही न विचारता संध्याकाळी मेमो दिला. त्याने निमूटपणे सही केली. पुढे कितीतरी महिन्यांनी कळले की शेजारच्या खात्यातील मशीन एकदम सुरू झाल्या की कॉम्प्रेसरचा दाब उतरायचा, हवेवर चालणारा ग्राइंडर जॉबवर नुसता घासत राहायचा, आणि दाब परत चढेपर्यंत थांबणे हेच त्या कामातले शहाणपण होते. तो माणूस बरोबर होता. त्याहून वाईट गोष्ट अशी की त्या मेमोनंतर खात्यातील कोणीही दाब उतरतो हे कार्यालयाला सांगायला आले नाही. दाब नसतानाही ते ग्राइंडर हातात धरून उभे राहू लागले. माझ्या एका कागदाने कारखान्याचे एक खरे दुखणे झाकले गेले, याची खंत निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

आता तुमच्या वडिलांच्या सल्ल्याविषयी. त्यांच्या बोलण्यात सत्य आहे आणि त्याचा मला आदर आहे. त्यांच्या काळच्या मिस्त्रीला कोणता माणूस कोणत्या साच्यावर चालतो हे ठाऊक असे, भातलावणीच्या दिवसांत येळ्ळूर-वडगावकडची माणसे शेतावर जाणार हे धरूनच तो पाळ्या लावत असे, आणि कोणाच्या घरी आजारपण आहे हे त्याला हजेरीपुस्तक न उघडता कळत असे. परंतु मिस्त्री ज्या परंपरेतून आला ती मुकादम आणि जॉबरची परंपरा आहे, आणि तिची दुसरी बाजूही विसरता येत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत जॉबर गावाकडून माणसे आणी, तोच त्यांना कामाला लावी, तोच काढी, तोच अडीअडचणीला व्याजाने पैसे देई आणि काम मिळवून दिल्याबद्दल दस्तुरीही तोच घेई. गिरणीचा साहेब कामगाराला क्वचितच ओळखत असे. कामगाराचे सगळे नशीब एका माणसाच्या मर्जीवर टांगलेले असे. १९२९ साली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात म्हणूनच अशी शिफारस केली की भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढून घ्यावी आणि त्यासाठी श्रम अधिकारी नेमावेत. माझ्यासारख्यांच्या नोकरीचे मूळ तिथे आहे. शिव्या आणि माया एकाच हातून मिळत होत्या, म्हणून जुन्या माणसांना त्या एकत्रच आठवतात. पण ज्याच्यावर मिस्त्रीची मर्जी नव्हती त्या मोल्डरची आठवण कशी असेल, हे एकदा वडिलांना शांतपणे विचारून पाहा. तुम्ही मिस्त्रीकडून माणसांची माहिती ठेवण्याची सवय घ्यावी आणि मर्जीने वागण्याची सवय तिथेच सोडावी, असे मला वाटते.

जुने सोबती तुमच्याशी तुटकपणे वागतात, हे दुःख तुमच्या पत्रातील सर्वांत खरे दुःख आहे, आणि त्या बाबतीत तुम्ही एकटे नाही. फ्रेडरिक टेलर या अमेरिकी माणसाचे नाव तुम्ही कदाचित आयटीआयमध्ये ऐकले असेल. तो पॅटर्नमेकरच्या (साच्यासाठी नमुने बनवणाऱ्या कारागिराच्या) हाताखाली उमेदवारी करून वर आला होता. १८७८ मध्ये फिलाडेल्फियाच्या मिडवेल पोलाद कारखान्यात तो साधा मजूर म्हणून लागला, लेथवर काम केले आणि लवकरच त्याच लेथवाल्यांवर गँगबॉस झाला. कालपर्यंतच्या सोबत्यांकडून अधिक काम काढायचे त्याने ठरवले आणि सुमारे तीन वर्षे त्यांच्याशी भांडण केले. दिवसभरात एकाही कामगाराच्या चेहऱ्याकडे पाहावे आणि तिथे वैर दिसू नये असे होत नसे, आणि असे जगणे कोणाच्याही वाट्याला येऊ नये, अशा अर्थाचे त्याने नंतर सांगितले आहे. त्या भांडणातून सुटण्यासाठी त्याने जो मार्ग शोधला त्यातून आजचे सगळे टार्गेट आणि सायकल टाइम जन्माला आले. एका कामाला खरोखर किती वेळ लागतो हे मालक आणि कामगार दोघांनाही ठाऊक नाही, म्हणून भांडण होते. तेव्हा स्टॉपवॉच लावून वेळ मोजावा, कामाचे तुकडे करावेत, आणि काम कसे करायचे हे कार्यालयात ठरवावे, असा त्याचा विचार होता. १९११ साली त्याने हा विचार पुस्तकरूपाने मांडला.

त्याच १९११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारच्या वॉटरटाउन शस्त्रागारातील फाउंड्रीत मोल्डरांनी स्टॉपवॉचविरुद्ध संप केला. तुमच्या वडिलांचेच काम करणारी ही माणसे होती. वाळूतला साचा किती ओला, किती दाबलेला, हे हाताला कळते. ते घड्याळ घेऊन शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही, आणि आपल्याला न विचारता आपले काम मोजले जाते, हे त्यांना सहन झाले नाही. प्रकरण अमेरिकी संसदेपर्यंत गेले, टेलरला चौकशी समितीपुढे साक्ष द्यावी लागली, आणि १९१५ मध्ये लष्करी शस्त्रागारांत स्टॉपवॉच वापरण्यावर बंदी आली. मोजणे वाईट, असा निष्कर्ष मी यातून काढत नाही. तुम्ही स्वतः मायक्रोमीटर वापरणारे आहात. न मोजता काम होत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ज्याचे काम मोजायचे त्याला मोजणीतून वगळले की मोजलेला आकडाही खरा राहत नाही.

हे पुढे आणखी एका ठिकाणी दिसले. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात दीर्घ प्रयोग झाले. टेलिफोनचे रिले जुळवणाऱ्या पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास वगैरे बदलून पाहिले, आणि उत्पादन वाढत गेले. त्याचे श्रेय लक्ष दिले गेल्याला, बोलायला मोकळीक मिळाल्याला आणि एकमेकींच्या सोबतीला द्यावे, असे त्या वेळच्या अभ्यासकांचे मत झाले. त्या निष्कर्षांवर नंतर बरीच टीका झाली आणि ती रास्त आहे. तुम्हाला उपयोगी पडेल असा प्रयोग मात्र त्याच कारखान्यातील दुसऱ्या खोलीतला आहे. तिथे वायरिंग, सोल्डरिंग आणि तपासणी करणारे मिळून चौदा पुरुष होते. रोज किती काम करायचे हे त्यांनी आपसांत ठरवलेले होते; कोणी फार पुढे गेला तर बाकीचे त्याच्या दंडावर ठोसा मारत आणि कोणी मागे पडला तरी त्याला टोचून बोलत. जास्त काम दाखवले तर दर कमी होतील, ही त्यांची भीती होती. त्यांचा सुपरवायझर हे सगळे जाणून होता, पण वरती सांगत नव्हता. तुमच्या शॉपमध्येही असा न लिहिलेला करार आहे, आणि अकरा वर्षे तुम्ही स्वतः तो पाळला आहे. आज तुम्ही जवळ आलात की बोलणे थांबते, त्याचे एक कारण तुम्हाला तो करार ठाऊक आहे, हेही असावे.

आता आपल्या देशातले एक उदाहरण पाहा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत स्वयंचलित माग आले तेव्हा प्रत्येक कामगाराला कामाचा एकेक तुकडा वाटून दिला होता, आणि नवे माग असूनही अपेक्षित उत्पादन येईना. ब्रिटिश अभ्यासक ए. के. राइस यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर कामगारांनी स्वतःच छोटे गट केले, एका गटाने मागांचा एक संच संपूर्ण सांभाळायचा असे ठरले, आणि उत्पादन वाढून कापडातील खराबीही घटली. देखरेख करणारा तिथे राहिला, पण त्याचे काम बदलले: गटाला सूत वेळेवर मिळते का, मागाची दुरुस्ती वेळेवर होते का, हे तो पाहू लागला. जपानमध्ये टोयोटा कारखान्यात हीच दिशा पुढे गेली. तिथे दोष दिसताच कामगाराने दोरी ओढायची, दिवा लागायचा आणि त्याचा प्रमुख मदतीला धावत यायचा, अशी पद्धत रुजली. काम थांबल्याची खबर देणे हे तिथे कामगाराचे कर्तव्य मानले गेले. तुमच्या शॉपमध्ये काम थांबल्याची खबर आज कॅमेरा देतो, आणि ती खबर मदतीसाठी न येता खुलाशासाठी येते.

न दिसणाऱ्या कामावर देखरेख करणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. निपाणीच्या बायका घरी बसून विड्या वळत आणि कारखान्यात चेकर त्या तपासून छाट, म्हणजे नापास विड्या, काढी. वडगाव, शहापूर, खासबागच्या मागांवर विणकर घरात विणी आणि सावकार फक्त उतरलेली साडी पाही. त्या व्यवस्थेत अन्याय भरपूर होता. छाटीच्या नावाखाली चांगल्या विड्यांचीही मजुरी बुडे, आणि म्हणून विडी कामगारांसाठी १९६६ साली वेगळा कायदा करावा लागला. पण तिथे निदान पाहिले जात होते ते काम. कॅमेऱ्यात काम दिसत नाही, माणसाचे शरीर दिसते: उभे आहे की बसले आहे, हलते आहे की स्थिर आहे. काकांच्या त्या पाळीत जॉब किती निघाले, रिजेक्शन किती झाले, मशीन कशामुळे थांबली, यांतले काहीच त्या फोटोत नाही. हे मी तुमच्या मालकांना खोडून काढण्यासाठी लिहीत नाही. बँकेचे हप्ते भरणाऱ्या आणि ग्राहकाला वेळेवर माल देण्याची जबाबदारी असलेल्या माणसाला काळजी असते, आणि दूर असताना ती वाढते. त्यांच्या काळजीचे उत्तर त्यांना मिळाले पाहिजे. ते कॅमेऱ्यातून मिळत नाही, तुमच्याकडून मिळू शकते, हे त्यांना पटवणे तुमच्या हातात आहे.

त्यासाठी पुढचे दोन आठवडे एक साधी वही ठेवा. प्रत्येक मशीनसमोर तारीख, पाळी, मशीन थांबल्याची वेळ, पुन्हा सुरू झाल्याची वेळ आणि थांबण्याचे कारण, एवढेच लिहा. कारणाच्या रकान्यात माणसाचे नाव लिहू नका. कास्टिंग नाही, इन्सर्ट नाही, क्रेनची वाट, इन्स्पेक्शनची वाट, वीज, प्रोग्राममधील दुरुस्ती, असे लिहा. दोन आठवड्यांनी बेरीज करून मालकांसमोर बसा, आणि ती बैठक फोनवर किंवा ग्रुपवर न करता समोरासमोर करा. त्या बैठकीत दोनच मागण्या ठेवा. फोटो ग्रुपवर टाकणे बंद व्हावे, काही दिसले तर त्यांनी तुम्हाला एकट्याला फोन करावा, ही पहिली. वहीत जे कारण सर्वाधिक वेळा आले असेल ते दूर करण्यासाठी त्यांनी खर्च करावा, ही दुसरी. वहीच्या बेरजेत खरोखरच एखाद्या माणसाचा आळस दिसला, तर तोही लपवू नका. त्याला आधी तोंडी सांगा, मग कारणे दाखवा नोटीस द्या, त्याचे म्हणणे लेखी घ्या आणि मगच पुढे जा. ज्याला शिक्षा करायची त्याचे ऐकून घेतले पाहिजे, हे तत्त्व कामगार न्यायालयात वारंवार मानले गेले आहे, आणि ते डावलून दिलेला मेमो मालकांनाच अडचणीत आणतो.

सोबत्यांशी जुनी जवळीक पूर्वीसारखी परत येईल, असे मी तुम्हाला खोटे आश्वासन देणार नाही. थोडे अंतर या पदाबरोबर येतेच. पण ते अंतर मर्जीच्या संशयाने वाढू नये, हे तुम्ही पाहू शकता. ओव्हरटाइम कोणाला, रविवारची पाळी कोणाला, गणपतीची आणि भातलावणीची सुट्टी कोणाला, हे आजपर्यंत तोंडी ठरत असेल तर ते पाळीपाळीने ठरवून कागदावर लिहा आणि भिंतीला लावा. तुमच्या मित्राचे नावही त्याच्या क्रमानेच यावे. कारखान्यातील सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, अशी तरतूद १९४८ च्या कायद्यात होती. आपल्याकडे एकाच शॉपमध्ये मराठी आणि कन्नड बोलणारी माणसे असतात, आणि आता ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली मुलेही असतात. तेव्हा ग्रुपवरचा हुकूम कोणाला वाचता येतो आणि कोणाला नाही, हे तपासा. ज्याला वाचता येत नाही त्याला मशीनपाशी जाऊन सांगा.

तुमच्या स्वतःच्या बाबतीतही एक सावधगिरी बाळगा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार देखरेखीचे काम करणारा आणि महिना अठरा हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस कामगाराच्या व्याख्येत बसत नाही. सुपरवायझर म्हणून दिलेले पत्र, त्यातील हुद्दा, वेतन आणि कामाचे तास यांची प्रत तुमच्याकडे आहे का, हे पाहा. नसेल तर मागून घ्या. अनेक ऑपरेटरांना बढतीबरोबर ओव्हरटाइमचा हक्क गेल्याचे महिनाअखेरीला पगार हातात आल्यावरच कळते.

आता काकांचे. उद्या दुसरी पाळी सुरू होण्याआधी, चहाच्या वेळी, त्यांच्याजवळ जाऊन बसा, उभे राहू नका. तुम्हाला मेमो द्यायला सांगितले होते आणि तुम्ही तो दिलेला नाही, हे त्यांना दुसऱ्याकडून कळण्याआधी स्वतः सांगा. मग ते का बसतात हे विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. गुडघ्याचे दुखणे निघाले तर कमी उचलण्याच्या जॉबवर त्यांची बदली करता येईल. सायकल लांब असेल तर तुमच्याकडच्या नव्या मुलाला शिकवण्याचे काम त्याच पंधरा मिनिटांत त्यांना देता येईल, पण ते त्यांना विचारून आणि मालकांकडून त्याची नोंद करून घेऊन. काही अडचण निघाली नाही आणि ते नुसतेच बसत असतील, तर तेही ते तुम्हाला सांगतील, कारण तुम्हाला काम शिकवताना त्यांनी तुमच्यापासून काही लपवले नव्हते. वहीचे पहिले पान त्यांच्या मशीनचे ठेवा, आणि त्यावरच्या नोंदी त्यांनाच त्यांच्या हाताने लिहू द्या.